रविवारी अळणी, सोमवारी पापड



आपल्या मंडळातल्या साठीपुढच्या कुणालाही सहज विचारून बघा, आता मागणं काय आहे म्हणून. पैसा नाही, दागिना नाही. बहुतेकींचं उत्तर एकच येतं. शेवटपर्यंत शुद्ध असावी, णमोकार म्हणता यावा, कुणाकडून करून घ्यायची वेळ येऊ नये. समाधिमरण हा शब्द आपण लहानपणापासून पूजेत, प्रवचनात ऐकत आलो. सल्लेखना जाणतेपणाने घ्यायची असते. आपण काय सोडतोय, कशासाठी सोडतोय, हे सोडणाऱ्याला कळलं पाहिजे. ज्याला आज वार कोणता हेच उमगत नाही, त्याच्या हातून ते व्रत व्हायचं कसं?

माझं म्हणणं असं, की सत्तरी-ऐंशीतली ही शुद्ध पुष्कळ अंशी चाळिशी-पन्नाशीतच ठरत असते. ती ठरवणाऱ्या गोष्टींपैकी एक आपल्या हातातली आहे, ती म्हणजे रक्तदाब. बीपी म्हटलं की आपल्याला हृदय आठवतं, फार तर लकवा. विसरभोळेपणा आणि बीपी यांची सांगड आपण घालत नाही. विसरणं वयामुळे आणि बीपी टेन्शनमुळे, असे दोन वेगळे कप्पे करून ठेवलेत. या 'हायपरटेन्शन' नावानेही घोळच घातलाय. 'मला कसलं टेन्शन? दोन्ही मुलांची लग्नं झाली, घर फिटलं', म्हणून बायका तपासायलाच जात नाहीत. त्या शब्दातलं टेन्शन मनातलं नाही, रक्तवाहिन्यांतलं आहे. अगदी शांत, रोज सामायिक करणाऱ्या बाईचंही बीपी वाढलेलं असू शकतं.

मेंदूत नेमकं काय होतं ते आधी सांगते, कारण ते समजलं की पुढचं पटतं.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण दोन टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला पंधरा ते वीस टक्के वाटा तो एकटा घेतो. हे रक्त मोठ्या वाहिन्यांतून येतं आणि केसासारख्या बारीक फांद्यांमधून मेंदूच्या खोल भागात शिरतं. दाब वर्षानुवर्षं जास्त राहिला की या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, आतली वाट अरुंद होते, पलीकडच्या भागाला रक्त कमी पोचतं. कधी एखादी फांदी पुरती बंद पडते आणि डाळीच्या दाण्याएवढा भाग मरतो. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडं होत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताही लागत नाही. मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोचवणाऱ्या ज्या तारा असतात, तो पांढरा भाग हे सगळं आधी सोसतो. पुढे कधी एमआरआय काढला की डॉक्टर म्हणतात, "पांढरे ठिपके दिसताहेत, वयामानाने जास्त आहेत." ते ठिपके त्या वर्षी पडलेले नसतात. दहा-वीस वर्षं साठत आलेले असतात.

बी.कॉम.ला आम्हाला घसाऱ्याचा धडा होता. यंत्र चालू आहे, माल निघतोय, म्हणून त्याची किंमत खरेदीच्या दिवसाइतकीच राहिली असं होत नाही. वहीत घसारा लिहा किंवा लिहू नका, झीज व्हायची ती होतेच. न लिहिणाऱ्याला ती एकदम शेवटी कळते, एवढाच फरक. चाळिशीतल्या बीपीचं हेच आहे. १५०/९५ बीपी असलेली बाई पहाटे उठून अभिषेकाला जाते, डबे करते, संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची जेवणं उरकते. "मला काही होत नाही" हे तिचं म्हणणं खरंच असतं. होत असतं ते कळण्याजोगं नसतं.

आणि कळतं तेव्हाही भलत्याच रूपात कळतं. आमच्या नात्यातल्या एक आजी होत्या. भक्तामराची अठ्ठेचाळीसही काव्यं त्यांना शेवटपर्यंत तोंडपाठ. त्यामुळे मुलं म्हणायची, आईची स्मरणशक्ती किती छान आहे. पण अष्टद्रव्याचं ताट लावायला बसल्या की अक्षता झाल्यावर पुढे काय ठेवायचं इथे हात थांबायचा. चार पाहुणे जेवायला येणार म्हटलं की आधी कणीक मळायची की आमटी टाकायची, हे ठरेना. घरचे म्हणायचे, आळशी झाल्या, चिडक्या झाल्या. पुढे तपासण्या झाल्या आणि मेंदूतल्या जुन्या, बारीक बारीक जागा दिसल्या. बीपीमुळे मेंदूचं नुकसान होतं तेव्हा बऱ्याचदा पाठांतर टिकतं. आधी जातो तो क्रम, वेग, आणि दोन कामं एका वेळी डोक्यात धरण्याची ताकद. म्हणून आईला स्तोत्र येतंय यावर निश्चिंत राहू नका. तिला हिशोब जमतोय का, सणाचा बेत आखता येतोय का, ते बघा.

आता 'चाळिशी-पन्नाशी' यावर माझा एवढा भर का, ते सांगते. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा एक मोठा अभ्यास आहे, व्हाइटहॉल दोन नावाचा. १९८५ ते १९८८ या काळात दहा हजारांवर माणसं त्यात घेतली आणि पुढे वर्षानुवर्षं तपासत राहिले. २०१८ साली त्यातून असं दिसलं, की पन्नासाव्या वर्षी ज्यांचा वरचा आकडा १३० किंवा त्याहून जास्त होता, त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त होतं. हृदयविकार नसलेल्यांतही हा संबंध दिसला. साठीला आणि सत्तरीला मोजलेल्या बीपीशी मात्र तसा संबंध आढळला नाही. आपण बायका मशीन आणतो कधी? साठी उलटल्यावर.

कॅलिफोर्नियातल्या सात हजारांवर लोकांच्या आरोग्य-नोंदींवरून २०१७ मध्ये एक निष्कर्ष आला, तो तर आपल्याच दारात येऊन उभा राहतो. चाळिशीत बीपी जास्त असलेल्या बायकांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ६५ टक्क्यांनी अधिक निघाला. पुरुषांत हा संबंध दिसला नाही.

टक्के ऐकून घाबरू नका, टक्का कशावर काढलाय ते आधी बघायचं असतं. ४५ टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या ४५ जणींना होणार असं नव्हे. शंभरात दहा जणींना व्हायचा तिथे चौदा-पंधरा जणींना, असा त्याचा अर्थ. पण आपल्या देशात साठीपुढच्या साधारण ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. इतक्या मोठ्या आकड्यावर थोडे टक्केही थोडे राहत नाहीत.

कुणी म्हणेल, संबंध दिसला म्हणून तेच कारण कशावरून? रास्त शंका आहे. त्याचं उत्तर उपचार करून बघितल्यावरच मिळतं आणि ते बघितलं गेलं आहे. अमेरिकेत ९३६१ जणांवर झालेल्या स्प्रिंट चाचणीत, सगळे पन्नाशीपुढचे, एका गटाचा वरचा आकडा १४० च्या आत ठेवायचा आणि दुसऱ्याचा १२० च्या आत, असं ठरवलं होतं. २०१९ मध्ये मेंदूबद्दलचे निकाल आले. १२० वाल्या गटात स्मृतिभ्रंशाच्या आधीची जी पायरी असते, सौम्य स्मृतिदोष, तिचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी होतं. पुऱ्या स्मृतिभ्रंशातही घट दिसली, पण खात्रीने सांगावं एवढी नव्हती, हेही सांगायला हवं. मग २०२५ मध्ये चीनच्या ३२६ खेड्यांतला निकाल आला. तिथे जवळजवळ ३४ हजार लोक होते, बीपी आटोक्यात नसलेले, चाळिशीपुढचे. निम्म्या खेड्यांत गावच्याच आरोग्यसेवकांनी गोळ्या, मोजमाप आणि समजावणं नेटाने केलं. चार वर्षांत त्या खेड्यांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी. मोठं इस्पितळ नाही, भारी औषध नाही. मला या अभ्यासाचं सगळ्यात अप्रूप वाटलं ते याचंच.

आपल्या घरात बीपी कुणाचं मोजलं जातं? यजमानांचं, विम्याच्या वेळी, ऑफिसच्या तपासणीत, छातीत गॅस धरला तरी. सासूबाईंचं, महिन्याच्या महिन्याला. सुनेचं बाळंतपणात मोजलं ते मोजलं. त्यानंतर एकदम मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधी. मधली पंचवीस वर्षं कोरी. आणि नेमकी हीच वर्षं पाळी जाण्याची, वजन वाढण्याची, बीपी चढण्याची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, पंधरा वर्षांपुढच्या बायकांत दर शंभरात २१ जणींचं बीपी वाढलेलं होतं किंवा त्यांना गोळ्या चालू होत्या. पुरुषांत २४. फरक केवढासा! 'बीपी हा पुरुषांचा आजार' हे कुठून आलं कोण जाणे. ज्यांना गरोदरपणात बीपी वाढलं होतं त्यांनी तर विशेष लक्ष द्यायला हवं. बाळंत झाल्यावर ते उतरतं, पण पुढे पुन्हा वर येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. डॉक्टरांना हे आपणहून सांगा. पन्नाशीतल्या बाईला तिच्या पंचविसाव्या वर्षीच्या बाळंतपणाबद्दल सहसा कुणी विचारत नाही.

आता स्वयंपाकघराकडे येते. इथे आपल्याला अभिमान वाटावा असं काही आहे आणि कान पकडावा असंही.

रसपरित्याग हे आपल्या सहा बाह्य तपांतलं एक. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ, हे सहा रस. मिठाला रस मानून ते सोडण्याला तप म्हणणारा धर्म आपला. जुन्या बायका वारांचा नियम पाळायच्या. रविवारी मीठ नाही, सोमवारी हिरवं नाही, मंगळवारी गोड नाही, बुधवारी तूप नाही, असं शनिवारच्या तेलापर्यंत. रविवारी अळणी जेवणाऱ्या बायका आजही आपल्या प्रत्येक गावात सापडतील. शिवाय कच्चं मीठ सचित्त, पृथ्वीकाय जीव, म्हणून ते ताटात वरून घ्यायचं नाही, हा संस्कार. आज डॉक्टर सांगतात, जेवणाच्या टेबलावरची मिठाची बाटली उचला. आपल्या आजीच्या पाटाशेजारी ती कधी नव्हतीच.

पण सोमवारचं काय करतो आपण? हिरवं नाही म्हणून पापडाची भाजी. अष्टमी-चतुर्दशीला शेवेची भाजी, गट्ट्याची भाजी, सोबत भाजलेला पापड, चटणी, सांडगे. आमच्या श्वेतांबर मैत्रिणींकडेही तिथीला तेच चालतं. पापडात मीठ असतं आणि वर पापडखार, त्यातही सोडियमच. बीपीला त्रास देतं ते सोडियम. रविवारी जे सोडलं ते सोमवारी सव्याज घेतलं, असा हा व्यवहार. हिरवं सोडायच्या दिवशी मूग, मटकी, तूर, वाल ही कडधान्यं नुसती जिरं-मिरीची फोडणी देऊन, वर आमसूल किंवा आमचूर घालून करता येतात. आंबट चव असली की मीठ कमी पडल्याचं जिभेला उमजत नाही. कांदा-लसूण नसलेल्या स्वयंपाकाला मीठ जास्त लागतं असं आपणच ठरवून टाकलंय. लागते ती चव, आणि ती आणायला आपल्याकडे हिंग आहे, ओवा आहे, सुंठ आहे.

सैंधवाबद्दल एक भ्रम घट्ट बसलाय. उपवासाचं मीठ म्हणून ते बीपीला चालतं असं समजतात. सैंधवही मीठच, सोडियमही जवळपास तेवढंच. अचित्त केलेलं मीठ जीवदयेसाठी योग्य, पण बीपीच्या हिशोबात ते काही हलकं होत नाही. कमी सोडियमचं मीठ दुकानात मिळतं, त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. बऱ्याच जणांना त्याचा फायदा होतो. पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

घरात किती मीठ जातं याचा हिशोब अगदी सोपा आहे, पुडा फोडला की त्यावर तारीख घाला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. सपाट चमचाभर. चार माणसांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा ५० दिवस पुरायला हवा. तो तिसाव्या दिवशीच संपला तर माणशी ८ ग्रॅमच्या वर गेलात. आपल्या देशाची सरासरीही सर्वेक्षणात ८ ग्रॅमच्या आसपासच आली होती. आणि यात विकतचे पापड, खाकरे, फरसाण, बिस्किटं धरलेली नाहीत, त्यातलं मीठ वेगळं. महिन्याचा किराणा लिहिणाऱ्या बाईला हे काही अवघड नाही.

मात्र मीठ कमी केलं म्हणून गोळी सुटेल असं धरून चालू नका. काहींची सुटते, काहींची मात्रा कमी होते, पुष्कळांना दोन्ही लागतं. इथे मी जरा स्पष्ट लिहिणार आहे, राग मानू नका.

दशलक्षणात गोळ्या बंद ठेवणं हे आपल्याकडे जणू तपाचं लक्षण झालंय. 'दहा दिवस पाणीसुद्धा मोजून घेतलं, गोळीला हात लावला नाही, काही झालं नाही.' हे वाक्य पारण्याच्या दिवशी कौतुकाने सांगितलं जातं आणि ऐकणाऱ्या चौघी पुढच्या वर्षी तेच करतात. बीपीच्या काही गोळ्या अशा आहेत की त्या एकदम थांबवल्या तर दाब उसळी मारून वर जातो. उलट लघवी वाढवणारी गोळी चालू ठेवून निर्जल उपवास केला तर शरीरातलं पाणी आटतं, दाब खाली जातो, चक्कर येऊन न्हाणीघरात पडायला होतं. दोन्ही बाजूंनी मेंदूलाच फटका. म्हणजे 'गोळी बंद' हेही उत्तर नाही आणि 'आहे तशी चालू' हेही प्रत्येकीला नाही. उत्तर डॉक्टरांकडे आहे, आणि ते उपवास धरायच्या आधी विचारायचं असतं.

मुनिमहाराजांना, माताजींना दिवसातून एकदा आहार होतो, तेव्हा गरज असेल तर त्या आहारातच औषध दिलं जातं. ते देण्यासाठी आपण किती धडपडतो! आहार, औषध, शास्त्र आणि अभय, या चार दानांत औषधाचं नाव आहे. ज्यांचं व्रत आपल्यापेक्षा किती कठीण त्यांना औषध चालतं आणि गृहस्थाश्रमातल्या श्राविकेला चालत नाही, हे कुठल्या शास्त्रात? औषधाची सूट ठेवून नियम घेता येतो. घेताना महाराजांना, माताजींना मोकळेपणाने सांगा की मला बीपी आहे. लपवून घेतलेल्या नियमात सत्यधर्माचं काय होतं, तेही बघायला हवं. तेही दहा लक्षणांतलंच एक आहे.

रात्रीच्या गोळीचीही अडचण असते. सूर्यास्तानंतर पाणी नाही, आणि डॉक्टर लिहून देतात रात्री झोपताना. मग ती गोळी पाकिटातच राहते आणि डॉक्टरांना सांगायचा संकोच. ब्रिटनमध्ये २१ हजारांवर लोकांवर झालेल्या टाइम नावाच्या चाचणीत २०२२ मध्ये असं दिसलं, की बीपीच्या गोळ्या सकाळी घेतल्या काय किंवा संध्याकाळी घेतल्या काय, हृदयविकार आणि पक्षाघाताच्या बाबतीत फरक पडत नाही. नेमाने घेणं महत्त्वाचं. म्हणून सरळ सांगा, 'डॉक्टर, आम्ही रात्री पाणी घेत नाही, सकाळची गोळी द्या.' दिवसातून एकदाच घ्यायच्या चांगल्या गोळ्या आहेत, बहुतेकींना वेळ बदलून मिळेल. कॅप्सूलच्या जिलेटिनची शंका असेल तर तीही विचारा. बीपीची नेहमीची औषधं बहुतांशी साध्या गोळ्यांच्याच रूपात येतात.

'इंग्रजी औषध एकदा चिकटलं की सुटत नाही', असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आपल्याकडच्या सर्पगंधेच्या मुळीचा बीपीवर उपयोग होतो हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर पाहून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं, आणि जगभरचे डॉक्टर तिच्याकडे वळले. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. ही काही इकडे येऊन चिकटलेली परदेशी विद्या नाही, त्यात आपलंही माणूस आणि आपलीही मुळी आहे. पण म्हणून सर्पगंधेचं चूर्ण आणून खाऊ नका. त्या औषधाने काहींना खोल उदासी यायची, आणि आता तिच्याहून सुरक्षित गोळ्या आहेत.

मशीनबद्दल थोडं. दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. मोजायच्या आधी पाच मिनिटं खुर्चीत टेकून बसायचं, पाय जमिनीला, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला. चहा घेऊन अर्धा तास झालेला असावा, लघवीला जाऊन यावं, आणि बोलू नये. हे शेवटचं आपल्याला सगळ्यात जड जातं! एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून लिहायचं. दवाखान्यात १४०/९० ही रेषा धरतात, घरी शांतपणे मोजताना १३५/८५. एका दिवसाच्या आकड्यावर घाबरायचं नाही आणि एका दिवसाच्या आकड्यावर निश्चिंतही व्हायचं नाही. मशीन नसेल तर सरकारी उपकेंद्रात तीस वर्षांपुढच्या सगळ्यांचं बीपी मोफत मोजतात. आणि मंदिराच्या स्वाध्याय हॉलमध्ये एक मशीन ठेवायला मंडळाला किती खर्च येतो? वार्षिकोत्सवाच्या एका कमानीपेक्षा कमी. महिन्यातल्या एका चतुर्दशीला, पूजनानंतर, चाळिशीपुढच्या सगळ्या बायकांचं मोजून वहीत लिहावं. औषधदानाच्या नावाने पैसे द्यायला लोक तयार असतात, फक्त कशाला द्यायचे ते कुणीतरी सांगावं लागतं.

हे सगळं मी सुनांच्या आणि लेकींच्या वयाच्या बायकांसाठी लिहितेय हे लक्षात घ्या. पंच्याऐंशीच्या सासूबाईंचं बीपी १२० च्या आत आणायचंच, असा हट्ट घरच्यांनी आपणच धरू नये. फार वय झाल्यावर उठताना दाब पडतो, तोल जातो. शिवाय स्मृतिभ्रंश सुरू व्हायच्या आधीच्या काही वर्षांत बीपी आपोआप खाली येताना दिसतं, तेव्हा 'आता बीपी बरं झालं' असाही समज होऊ शकतो. त्या वयात किती ठेवायचं ते डॉक्टरांनी माणूस बघून ठरवावं. आणि केवळ बीपीच्या गोळीने स्मृती शाबूत राहील अशी हमी कुणीच देणार नाही. लॅन्सेट या वैद्यकीय पत्रिकेच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली, ऐकू कमी येणं, मधुमेह, एकटेपणा अशी. मध्यमवयातलं बीपी त्यातलं एक. ती सगळी सांभाळली तर स्मृतिभ्रंशाची जवळपास निम्मी, ४५ टक्के, प्रकरणं टाळता किंवा लांबवता येतील असा त्यांचा अंदाज. राहिलेलं आपल्या हातात नाही. त्याला आपण कर्माचा उदय म्हणतो, आणि समता तिथे ठेवायची असते. मशीनवर १६० दिसत असताना नव्हे.

भाद्रपद शुद्ध पंचमीला दशलक्षण लागतं, श्वेतांबर मैत्रिणींचं पर्युषण त्याआधी आठ दिवस. ज्यांना उपवास धरायचेत त्यांनी श्रावणातच एक आठवडा सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून कागदावर लिहावं. तो कागद, चालू गोळ्यांची पट्टी, आणि किती उपवास, पाण्यासह की निर्जल, हे घेऊन डॉक्टरांकडे जावं. सुनेला सोबत न्यावं, आणि खुर्चीत बसलीच आहे तर तिचंही मोजून घ्यावं.